बी निगेटिव्ह, तीन दिवसांनी

आज सकाळी कुकर लावून फोन उघडला तर सगळ्यात वर शाळेतल्या मैत्रिणीची पोस्ट. सासऱ्यांना मिरजेत ॲडमिट केलंय, बी निगेटिव्ह रक्त तातडीने हवंय. खाली बारीक अक्षरांत, 3 दिवसांपूर्वी.

माझा गट बी निगेटिव्ह. राहते सांगलीत. मिरज काय, अर्ध्या तासाची वाट.

ॲपचं नाव घेत नाही, तुमच्याही फोनात असेल. रविवारी रात्री मी दीड तास तिथेच होते. मला काय दाखवलं? मिसळीत पोहे घालावेत की नाही, यावरची हाणामारी. पोस्ट कुणा अनोळखी माणसाची. मी अकरा कमेंटी केल्या. अकरा!

आणि हे चुकून घडतं असं कुणी सांगू नका. 2017 मध्ये फेसबुकने लाइक सोडून बाकीच्या इमोजींना, त्यात रागाचा लालबुंद चेहराही आला, कुठली पोस्ट वर दाखवायची ते ठरवताना लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. 2020 मध्ये रागाचं वजन शून्यावर आणलं. आपल्याला कळलं 2021 मध्ये, कंपनीचे आतले कागद फुटले तेव्हा. मधे 2018 ला म्हणे, आता जवळच्या माणसांचं जास्त दाखवू, आणि कमेंटींचा भाव वाढवला. कमेंटी कुठे पडतात? भांडणात! रक्त मागणाऱ्याच्या पोस्टवर लोक हात जोडतात नि पुढे सरकतात.

सगळं आलं त्या क्रमाने लावलं तर गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली तीच पोस्ट गाडली गेली असती, म्हणाल. असेल बाई. पण मग रांग मला लावू द्या ना. युरोपात 2023 पासून मोठ्या कंपन्यांना तुमच्या सवयी न चाळता लावलेली रांग द्यावीच लागते, कायदाच आहे. फेसबुकनेही 2022 मध्ये आलेल्या क्रमाने पोस्टी दाखवणारा 'फीड्स' नावाचा कप्पा काढलाय, पण मेनूच्या पोटात. रोज कोण शोधत बसणार?

खरं सांगू, जास्त राग माझाच येतोय. अकरा कमेंटी मी केल्या, कुणी बोट धरून करून घेतल्या नाहीत.

मैत्रिणीला फोन लावला. सोमवारी सकाळी रक्त मिळालं, कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचून कॉलेजातला एक मुलगा धावत आला होता. सासरे आता बरे आहेत. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "अगं, रविवारी होतीस की ऑनलाइन. मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसले होते, तुझ्या मिसळीच्या कमेंटी दिसत होत्या मला."