‘एक परखड नाशिककर’ यांना, जरा सविस्तर

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्यातून लढताना इटलीत पडलेले यशवंत घाडगे, हुद्दा नाईक, यांच्यावर १० जुलैला लिहिलं होतं. त्याखाली ‘एक परखड नाशिककर’ या नावानं प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घाडगे इंग्रजांच्या पगारावर लढले, त्यांचा एवढा उदोउदो कशाला. लेखात ठळक चूक आहे. पदकवाल्यांवर सगळेच लिहितात, बाकीच्यांचं काय. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: ‘कॅन्टीनच्या स्वस्त साबणानं अंघोळ करून वाढलेल्यांना शौर्याचे उमाळे येणारच.’ (कॅन्टीन म्हणजे फौजींसाठीचं सवलतीचं दुकान.)

आधी चूक, कारण ती आहे. घाडगे इटलीतल्या कॅसिनो गावच्या लढाईत पडले असं मी लिहिलं होतं. ते पडले टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी. कॅसिनोची लढाई मे महिन्यातच संपली होती. माझा घोटाळा झाला तो एवढ्यासाठी की त्यांचा देह मिळालाच नाही, आणि नाव कोरलं गेलं ते कॅसिनोच्या स्मारकावर. वाक्य दुरुस्त केलं आहे. आभार.

आता साबण.

साहेब, माझे वडील तोफखान्यात हवालदार होते. हे मी लेखात एका ओळीत लिहिलं आणि ती ओळ तुम्ही बरोब्बर उचललीत. १९७१ साली ते पश्चिम सीमेवर पंचवीस पौंडी तोफेवर होते. परत आले ते डावा कान गमावून. कानात कापूस कोंबून तोफ डागायची, त्याचं पुढं काय व्हायचं ते झालं. त्यांच्या डाव्या बाजूला बसून आम्ही भावंडं त्यांच्यादेखत वाट्टेल ते बोलायचो, हा आमचा खेळ होता. आज आठवलं की स्वतःची लाज वाटते. आई कुकरच्या शिट्ट्या मोजायची आणि बाबा विचारायचे, ‘कुकर लावला का?’ तेव्हा चौथी शिट्टी होऊन गेलेली असायची.

नाशिकजवळच्या देवळालीच्या रेंजवर तोफांचं फायरिंग असलं की आमच्या घराच्या काचा थरथरायच्या. आई फडताळातल्या कपबशा काठापासून आत सरकवायची आणि पुन्हा पोळ्या लाटायला बसायची. बाबांना आवाज नीट ऐकू यायचा नाही, पण जमिनीतून कळायचं. हातातला पेपर खाली ठेवून ते थांबायचे. आमच्या घरात शौर्याचे उमाळे म्हणतात ते एवढेच होते.

तुम्ही नाशिककर आहात ना? मग लष्कराच्या पैशावर नाशिकरोड आणि देवळालीत किती चुली पेटतात हे तुम्हाला मी सांगायला नको. शिंपी, भाजीवाले, रिक्षावाले, घरं भाड्यानं देणारे. मग उमाळ्यांचा हिशेब सगळ्यांकडून घ्या. आणि स्वतःचं नाव लपवून दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावायचं, याला आमच्याकडे परखडपणा म्हणत नाहीत. दुसरा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

असो. पगाराचा मुद्दा. त्यावर भांडायचं म्हटलं तर सावरकरांचं गाव भगूर आमच्या उशाला आहे. युद्धकाळात सावरकर तरुणांना सैन्यात भरती व्हा म्हणून सांगत होते, आणि हिंदू महासभेच्या डॉ. मुंज्यांनी १९३७ साली नाशकात भोसला मिलिटरी स्कूल काढलं ते काही २६ जानेवारीच्या संचलनासाठी नव्हे. पण तो वाद घातला की प्रतिक्रियांचा उकिरडा होतो, म्हणून नको. इतकंच म्हणतो की माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या घाडग्यांसारख्या पोराला त्या काळी दोनच वाटा होत्या, मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. आपण पगारावर जगत नाही का?

आणि पगाराचं काम संपतं कुठे, तेही बघा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. घाडग्यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगन चालली. सगळे मेले किंवा जखमी झाले, उभे राहिले एकटे घाडगे, वय २२. मागून कुणी येणार नाही हे त्यांना माहीत होतं. ते मशीनगनवर धावले. एका ग्रेनेडनं गन आणि गनवाला गेला, टॉमी गननं, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगननं, आणखी एक. मॅगझिन संपलं. उरले दोघे. घाडग्यांनी टॉमी गन नळीकडून धरली आणि त्या दोघांना दस्त्यानं हाणून मारलं. मग छातीत आणि पाठीत स्नायपरच्या गोळ्या लागल्या, आणि एकट्यानं घेतलेल्या त्या मोर्चातच ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक.

हे बाबांना मी एकदा उजव्या कानाशी बसून वाचून दाखवलं होतं. ‘मॅगझिन बदलायला वेळ नव्हता’ इथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं. टेबलावर बोटानं ठकठक केलं: एक, दोन, तीन, चार. ‘एवढाच वेळ लागतो,’ म्हणाले, ‘तेवढाही नव्हता.’ मग बराच वेळ गप्प. गोळ्या झाडल्यावर नळी किती तापते हे त्यांनी बऱ्याच वेळानं, आपण होऊन सांगितलं. तो लेख मी त्या चार ठोक्यांसाठी लिहिला होता. तुम्हाला त्यात इंग्रज दिसला.

बरं, तिकडच्या लोकांना तरी काय दिसलं? इटलीतल्या मोंतोने गावानं २०२३ साली घाडग्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. आपल्याकडे माणगावात पुतळा आहे. गोवा महामार्गानं कोकणात जाताना माणगावच्या ट्रॅफिकला शिव्या देत आपण किती वेळा गेलो असू. मीही गेलोय, न उतरता.

पदक न मिळालेल्यांबद्दल म्हणाल, तर त्याच कॅसिनोच्या स्मारकावर ४,०००हून जास्त नावं आहेत, सगळी थडगं नसलेल्यांची. तुम्ही लिहा त्यांच्यावर. मी वाचीन आणि खाली माझ्या खऱ्या नावानं प्रतिक्रिया देईन.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही. काहींनी तसं सुचवलं होतं. राहू दे.

आणि शेवटचं. साबण आमच्याकडे लाइफबॉय होता आणि तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून उधारीवर यायचा. कॅन्टीनमधून यायची ती रम. बाबा पीत नव्हते. घराचा वरचा मजला बांधायला काढला तेव्हा सहा महिन्यांचा सगळा कोटा गवंड्यानं संपवला. भिंत अजून थोडी वाकडी आहे. या कधी, दाखवतो.