दाराच्या हँडलवरून: लेस्टरच्या त्रस्त वाचकाला उत्तर

नमस्कार.

'एक त्रस्त वाचक, लेस्टर' एवढीच सही आहे, त्यामुळे दादा म्हणू की ताई ते कळेना. म्हणून नुसतं 'तुम्ही'. प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा वाचताना माझाच जुना लेख शेजारी उघडून बसले आणि राग बराच खाली आला.

इतर वाचकांसाठी तुमची तक्रार थोडक्यात. आमच्या यूपीव्हीसी (म्हणजे कडक प्लास्टिकच्या) दाराचं लोंबणारं हँडल मी स्वतः बदललं, त्यावर लिहिलं होतं. ते वाचून तुम्ही '९२ चं' हँडल मागवलं, त्याच्या स्क्रूंची भोकं दाराशी जुळली नाहीत. ते परत केलं, दुसरं आणलं, ते बसलं, पण त्याच संध्याकाळी त्यानंही मान टाकली. शेवटी कुलूपवाला बोलावला. त्यानं पाच मिनिटांत सांगितलं की बिघाड हँडलमध्ये नव्हताच. तुमचे शब्द: "अर्धवट माहिती देऊन लोकांना खर्चात पाडण्यापेक्षा 'माणूस बोलवा' एवढी एक ओळ लिहिली असती तर बरं झालं असतं. आणि हँडलच्या लेखात ते सिलिंडरचं पुराण कशाला?" (सिलिंडर म्हणजे कुलपाचा किल्ली घालायचा, काढता येणारा भाग.)

पहिल्या दोन गोष्टींत चूक माझी आहे. तिसरी मान्य नाही आणि चौथी तर मुळीच नाही.

९२ पासून सुरू करते. हा आकडा म्हणजे मधल्या चौकोनी सळईच्या, म्हणजे स्पिंडलच्या, मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या वरच्या गोल भागाच्या मध्यापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. दुकानदार त्याला पीझेड म्हणतात. शब्द मूळचा जर्मन, 'प्रोफिल्झिलिंडर'चं लघुरूप. जर्मनीत घरातल्या आतल्या दारांना ७२ आणि बाहेरच्या दारांना ९२, अशी सरळ वाटणी आहे. इंग्लंडमधल्या यूपीव्हीसी दारांत ९२ सगळ्यात जास्त दिसतं, पण ६८, ७० आणि ८५ ही निघतात. हे अंतर दाराच्या आतल्या कुलपाच्या पेटीनं ठरवलेलं असतं, त्यात आपलं काही चालत नाही. म्हणून मी ते ठळक अक्षरांत लिहिलं. आणि स्क्रूंमधलं अंतर? ते फोटोखालच्या बारीक ओळीत. वाचणाऱ्यानं ठळक तेवढंच उचललं तर त्याला दोष कसा देणार?

तर आता ठळक नसलं तरी नीट लिहिते. वरच्या स्क्रूच्या मध्यापासून खालच्या स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजायचं. एकाच ९२ पीझेडची हँडलं १२२ ची असतात आणि २१५ चीही. २१५ च्या आसपास चार-पाच मिलिमीटरच्या फरकाचे आणखी आकडे आहेत, ते फोटोत सारखेच दिसतात आणि दारावर मात्र बसत नाहीत. तुम्ही १२२ चं मागवलंत आणि दार २१५ चं होतं, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. नवी भोकं पाडली नाहीत हे फार बरं केलंत. आत गिअरबॉक्स, म्हणजे हँडल फिरवलं की कुलूप हलवणारी यंत्रणा, असतो, बऱ्याच दारांत पोलादी पट्टीही असते, आणि ड्रिल त्यात घुसलं की वीस-पंचवीस पौंडांचं काम कुठल्या कुठे जातं. हँडलच्या मागच्या पट्टीची लांबी-रुंदीही मोजून ठेवावी. नवी पट्टी जुनीपेक्षा आखूड निघाली तर उन्हापासून झाकलेला जुन्या पट्टीचा पांढराशुभ्र ठसा दारावर जन्मभर दिसत राहतो. आमच्या मागच्या दारावर आहे. पाहुणे विचारतात.

आता मान टाकण्याची गोष्ट. इथे मी खरोखर कमी पडले. 'हँडल लोंबलं म्हणजे त्यातली स्प्रिंग गेली, हँडल बदला' असं मी लिहिलं, कारण माझ्या दारात तसंच झालं होतं. एका दाराचा अनुभव सगळ्या दारांचा नियम म्हणून मांडला.

असल्या दारांत हँडलला आडवं धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा दोन जागी असू शकतात. एक हँडलच्या पट्टीमागे, दुसरी दाराच्या आत गिअरबॉक्समध्ये. काही हँडलांना स्वतःची स्प्रिंग नसतेच, ती सगळा भार गिअरबॉक्सवर टाकून मोकळी होतात. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणींसारखी दिसतात. तुमच्याकडे बहुधा असं झालं असावं: गिअरबॉक्समधली स्प्रिंग कधीच तुटली होती, जुन्या हँडलची स्प्रिंग एकटीच ओझं वाहत होती, एक दिवस तीही गेली. मग तुम्ही बिनस्प्रिंगचं नवं हँडल आणलंत. त्याला धरायला आत कुणी नव्हतंच. संध्याकाळपर्यंत टिकलं हेच नवल.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि ती मी लेखात द्यायला हवी होती. दार उघडं ठेवून दोन्ही हँडलं काढायची. काढलेलं हँडल हातात धरून मूठ खाली दाबायची. ती उसळून परत आली तर त्यात स्प्रिंग आहे आणि शाबूत आहे. मग नुसती सळई कुलपात घालून पकडीनं थोडी फिरवायची आणि सोडायची. ती आपणहून जागेवर आली तर गिअरबॉक्स ठीक आहे. मरगळल्यासारखी तिथेच पडून राहिली तर दोष आत आहे, आणि दुकानातलं कितीही महागडं हँडल तो बरा करणार नाही. स्प्रिंगवालं हँडल लावून तो झाकता मात्र येतो, आणि पुष्कळ लोक तसंच करतात. चालतंही काही वर्षं.

त्याच्याही आधीची एक पायरी आहे. दार उघडं असताना हँडल वर उचलून पाहायचं. या दारांत हँडल वर केलं की वर-खालचे आकडे, म्हणजे हुक, आणि रोलर चौकटीत शिरतात आणि मग किल्ली फिरते. उघड्या दारात लोण्यासारखं उचललं जातंय आणि बंद दारात दोन्ही हातांनी ओढावं लागतंय, असं असेल तर हँडल आणि गिअरबॉक्स दोघंही निर्दोष आहेत. दार खाली बसलंय किंवा उन्हानं फुगलंय, आणि आकड्यांना चौकटीतली जागा सापडत नाहीये. बिजागरीला ॲलन-कीनं थोडं वर घ्यावं लागतं. हे न करता रोज जोर लावत राहिलं की आधी हँडल जातं, मग गिअरबॉक्स, आणि लोक म्हणतात हल्लीचा मालच बोगस.

क्रोमचं हँडल घेऊ नका हा सल्लाही तुमच्या काही उपयोगाचा नव्हता, हे जाता जाता कबूल करते. मी पोर्टस्मथला राहते, समुद्र दहा मिनिटांवर. इथे जस्ताच्या मिश्रधातूवर चढवलेलं चकचकीत क्रोम दोन-तीन हिवाळ्यांत देवीच्या व्रणांसारखं खडबडीत होतं. रत्नागिरीत वाढल्यामुळे खारी हवा लोखंडाचं काय करते ते मी लहानपणापासून पाहिलंय, म्हणून लेखात त्यावर दोन परिच्छेद खर्च केले आणि ३१६ च्या स्टेनलेस स्टीलचं कौतुक केलं. ब्रिटनमध्ये समुद्रापासून सगळ्यात लांबचं म्हणून डर्बीशरमधलं ज्या कोटन-इन-द-एल्म्सचं नाव घेतात, ते गाव तुमच्या लेस्टरपासून गाडीनं तासाभरावर आहे. तुम्ही खुशाल क्रोम लावा.

आता सिलिंडरचं पुराण. ते मी पुन्हा सांगणार आहे.

हँडल निवडताना आपण सिलिंडर किती बाहेर येणार हेही नकळत ठरवत असतो. जुनी पट्टी जाड होती आणि नवी पातळ आणली, तर तेच कुलूप चार-पाच मिलिमीटर जास्त बाहेर डोकावतं. हे सिलिंडर मधोमध, जिथे त्याला धरणारा स्क्रू शिरतो, तिथे सगळ्यात अशक्त असतं. बाहेर आलेलं टोक पकडीत धरून हिसडा दिला की साधं सिलिंडर तिथेच मोडतं आणि दार उघडतं. इंग्लंडमध्ये चोरांची ही जुनी, ओळखीची रीत आहे. म्हणून टोक पट्टीच्या पातळीतच असावं, फार तर ३ मिलिमीटर बाहेर. टीएस ००७ नावाची ताऱ्यांची पद्धत यासाठीच आहे: एक तर तीन तारे असलेलं सिलिंडर घ्यायचं, नाहीतर एक ताऱ्याचं सिलिंडर आणि त्याला झाकणारं दोन ताऱ्यांचं हँडल, म्हणजे बेरीज तीन. हँडलला सुटे तारे मिळतात ते याच हिशेबात. तेव्हा हँडलच्या लेखात सिलिंडर आलं नाही तर तो लेख फक्त रंग आणि आकाराचा होईल.

सिलिंडरची लांबीही मधल्या स्क्रूपासून बाहेरची वेगळी आणि आतली वेगळी मोजतात. ३५ आणि ४५ म्हणजे उलटं बसवलं तर १० मिलिमीटरचा घोळ. काढताना दाराच्या कडेवरचा लांब स्क्रू काढायचा, किल्ली किंचित तिरकी करायची आणि हलवत हलवत बाहेर ओढायचं. किल्ली सरळ असेल तर आतला दात अडतो आणि कुलूप हलत नाही. मी पहिल्यांदा अर्धा तास झटापट केली होती.

'माणूस बोलवा' याबद्दल. बोलवावा की. गिअरबॉक्स अडकून दार बंद अवस्थेतच राहिलं असेल, तर एक स्क्रूही न काढता बोलवावा, कारण ते आपल्या आवाक्यातलं काम नाही. पण नुसतं हँडल म्हणजे दोन स्क्रू, एक सळई आणि दोन पट्ट्या. दुसरं हँडल तुम्ही स्वतः बसवलंत, आणि तुमच्या हातानं काही मोडलं नाही, हे तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. चुकलं ते निदान, आणि ते माझ्यामुळे.

बसवण्यातल्या दोन-तीन गोष्टी मात्र त्या लेखात राहून गेल्या होत्या, त्या इथे घालते. नव्या हँडलबरोबर येणारे स्क्रू आणि सळई मुद्दाम लांब देतात, दाराच्या जाडीप्रमाणे कापायची असतात. स्क्रू कापण्याआधी त्यावर एक नट चढवून ठेवावा. कापून झाल्यावर तो नट उलटा फिरवून काढला की टोकाचे आटे साफ होतात. पॉवर ड्रिलनं आवळू नये, हातानं आवळावं आणि मूठ जड वाटायला लागली की पाव फेरा सैल करावं. आणि दार उघडं असतानाच लॅच (दार लोटलं की आपोआप अडकणारी जीभ), उचलणं, किल्ली, सगळं चार-पाच वेळा करून पाहिल्याशिवाय दार लावू नये.

शेवटची अद्दल मला माझ्याच दारानं शिकवलीय. दिसायला नीटस म्हणून मी एकदा बाहेरच्या बाजूला न फिरणारी, नुसती धरायची मूठ असलेला जोड लावला. त्यात बाहेरून लॅच किल्लीशिवाय मागे जात नाही. नोव्हेंबरच्या रात्री कचऱ्याचा डबा पुढे ठेवायला चपला घालून गेले, मागे वाऱ्यानं दार लागलं आणि किल्ली स्वयंपाकघरात. असा जोड घ्यायचाच असेल तर आधी उघड्या दारात किल्ली फिरवून लॅच आत जातं का ते पाहा. काही कुलपांत ते जात नाही, मग खिशात किल्ली असूनही तुम्ही बाहेरच.

पुण्याहून ज्यांनी बाल्कनीच्या सरकत्या यूपीव्हीसी दाराबद्दल विचारलंय, त्यांना सांगते की यातलं जवळजवळ काहीच तुमच्या दाराला लागू नाही. त्याची कुलपं आणि कड्या वेगळ्या.

आणि त्रस्त वाचकहो, कुलूपवाल्यानं गिअरबॉक्स बदलून दिला असेल तर ते दुसरं हँडल टाकू नका. नव्या गिअरबॉक्सची स्प्रिंग त्याला धरेल. ते परत लावलंत की बाहेरून सिलिंडरला फूटपट्टी लावून बघा आणि ३ मिलिमीटरच्या वर आकडा निघाला तर मला कळवा. कुठल्या लांबीचं सिलिंडर मागवायचं ते, या वेळी बाहेरचं आणि आतलं वेगवेगळं मोजायला सांगून, नीट कळवेन.