अर्ध्या गुणाचा अर्ज

अमेरिकेत भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या भाच्याचे संशोधन कुठवर आले, अशी चौकशी पुण्याचे मामा दर रविवारी फोनवर करतात. येथे संशोधन हा फावल्या वेळेचा छंद असून खरा व्यवसाय पदवीच्या मुलांचे प्रयोगवृत्तान्त तपासण्याचा आहे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? शिक्षणशुल्क माफ होते आणि विद्यावेतन मिळते, ते या टीएगिरीच्याच, म्हणजे शिक्षण-साहाय्यकाच्या कामाच्याच, जोरावर. एफ-1 व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आवारात आठवड्याला 20 तासांहून अधिक काम करण्याची मुभा नाही. कायद्याविषयी मला नितांत आदर असल्यामुळे एकविसाव्या तासापासून जे चालते, त्याला मी काम म्हणत नाही.

परवा एका विद्यार्थ्याने साध्या लंबकावरून गुरुत्वीय त्वरण 14 काढले. नेपच्यूनवर ते सुमारे 11 आणि गुरूवर 25 च्या आसपास असल्यामुळे हा प्रयोग सूर्यमालेतल्या कोणत्याच ग्रहावर झालेला नसावा. दहा आंदोलनांच्या वेळेला बाराने भागले की नेमके 14 येते, हे मी मध्यरात्री ताडून पाहिले. विद्यार्थ्याने मात्र कारण म्हणून 'मानवी त्रुटी' एवढेच लिहून विषय संपवला होता, आणि तेही एकके न लिहिता. एककांचा अर्धा गुण मी कापला.

पस्तिसाला उत्तीर्ण आणि साठाला प्रथम वर्ग, या संस्कारात मी वाढलो. येथे 'ए'च्या जागी 'ए उणे' मिळाले तरी घरात सुतक पडते. त्यातच गुणपत्रिकेशेजारी फेरतपासणीच्या विनंतीचे बटण असते. तपासणीचे हे ग्रेडस्कोप नावाचे सॉफ्टवेअर 2014 मध्ये बर्कली विद्यापीठाच्या शिक्षण-साहाय्यकांनीच सुरू केले. तपासणीचा जाच ज्यांनी सोसला, त्यांनीच हे बटण पुरवावे, याचे मला अजून नवल वाटते.

शंकानिरसनासाठी ठेवलेल्या वेळात मी एरवी एकटाच बसून असतो, पण त्या अर्ध्या गुणासाठी विद्यार्थी स्वतः हजर झाला. मला खुशाल नावाने हाक मारून, तुळशीबागेत भाव पाडणाऱ्या आमच्या आत्यालाही साधणार नाही अशा चिकाटीने, त्याने तो स्वतः आणि त्याचा वैद्यकीय प्रवेश यांच्या मध्ये फक्त हा अर्धा गुण कसा उभा आहे ते समजावले. त्याआधी पाठवलेला अर्ज तर मूळ वृत्तान्ताहून लांब होता, आणि खरे सांगायचे तर अधिक काळजीपूर्वक लिहिलेला होता. प्राध्यापकांना विचारले, तेव्हा त्यांनी 'तुम्हाला योग्य वाटेल तसे करा' असे कळवले. या वाक्याचा अर्थ 'देऊन टाका आणि मला पुन्हा विचारू नका' असा असतो, हे प्रत्येक टीएला पहिल्या सत्रातच उमगते.

मी अर्धा गुण दिला. आभाराचा ईमेल लगेच आला. त्यात मी कुशल असेन अशी आशा व्यक्त केली होती, माझ्या न्यायबुद्धीचे कौतुक होते आणि शेवटच्या ओळीत, मागच्या आठवड्याच्या वृत्तान्तावरही एकदा नजर टाकता येईल का, अशी नम्र पृच्छा होती.