क्रिएटिनिनवर थांबू नका
मूत्रपिंडाच्या जुनाट आजारावरचा लेख आवडला, पण डापाग्लिफ्लोझिन हे फक्त शुगरवाल्यांचं औषध असल्यासारखं त्यात वाटतं. तसं नाही. या औषधाच्या २०२० च्या डापा-सीकेडी या चाचणीतल्या ४,३०४ रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना मधुमेह नव्हता, तरी त्यांनाही फायदा झाला. मात्र चाचणीत घेतलेल्या सगळ्यांच्याच लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात होतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच कुणी बघत नाही! माझी मावशी लघवीला फेस येतो (प्रथिन जात असल्याची ती खूण असू शकते) म्हणून सांगत राहिली, पण मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.१ बघून तिला ‘सगळं नॉर्मल’ म्हणून घरी पाठवलं. फार वाईट वाटतं. बीपी-शुगर असलेल्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण तपासून घ्याच. सकाळचा पहिला नमुना दिलेला बरा.