जपानी भाषेत नैराश्याला शब्दच नाही?

'जपानी भाषेत नैराश्याला शब्दच नव्हता, म्हणून तिथे कुणाला नैराश्य यायचं नाही. औषध कंपन्यांनी शब्द आणला आणि आजार पसरला' असा एक मेसेज सध्या फिरतो आहे. वाचायला झकास, पण खरा नाही.

'उत्सुब्यो' हा नैराश्याच्या आजाराचा शब्द तिथल्या मानसोपचारात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. त्यातलं 'उत्सु' हे चित्राक्षर तब्बल 29 रेघांचं. हाताने लिहिताना भल्याभल्यांची भंबेरी उडते, म्हणून सर्रास साध्या हिरागाना लिपीत लिहितात. सरकारच्या नित्य वापराच्या अक्षरांच्या यादीत ते 2010 साली आलं. अफवेचं मूळ इथे असेल तर नवल नाही. रोजच्या बोलण्यात मन खचलं की 'ओचिकोमु', उदास वाटलं की 'की गा मेइरु' म्हणतात.

मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच: 1999 मध्ये नव्या पिढीची नैराश्यविरोधी औषधं जपानच्या बाजारात आली आणि 'कोकोरो नो काझे', म्हणजे मनाची सर्दी, हा शब्दप्रयोग प्रचारातून घरोघरी पोहोचला. लोक दवाखान्यात जायला कचरेनासे झाले, हे चांगलंच. पण सर्दी चार दिवसांत जाते, नैराश्य जात नाही, म्हणून तिथल्या डॉक्टरांनीही या उपमेवर टीका केली. मात्र औषधांचा खप वाढला म्हणून आधी आजारच नव्हता, हा तर्क काही पटत नाही.