सोन्याचा पोशाख आणि बैलाची झूल

बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंदी घातली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यांना परवानगी देणारी महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरवली, तरीही ही परंपरा की क्रूरता हा गावाकडचा वाद मिटलेला नाही. माद्रिदमध्ये राहून तो वाचताना नवल वाटत नाही, कारण इथेही तेच चालले आहे. स्पेनमधल्या कातालोनिया प्रांताच्या संसदेने 2010 मध्ये बैलझुंजींवर, म्हणजे रिंगणात माणसाने बैलाशी लढून त्याला मारण्याच्या खेळावर, घातलेली बंदी 2016 मध्ये संविधानिक न्यायालयाने रद्द केली. देशाच्या 2013 च्या कायद्याने झुंजींना सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिलेलाच होता.

वारशाचा विषय निघाला की इथले समर्थक झुंजणाऱ्याच्या पोशाखाकडे बोट दाखवतात, आणि पोशाख खरोखरच देखणा असतो. रेशमी जाकिटावर हाताने केलेले जरीचे दाट भरतकाम असते. बाही खांद्यापाशी जोडलेली, पण काखेत उघडी ठेवलेली असते, म्हणजे एवढ्या ताठ कापडातही हात मोकळा फिरतो. मातादोरला, म्हणजे बैलाला मारणाऱ्या मुख्य झुंजाराला, सोनेरी जर, त्याच्या पायी लढणाऱ्या साथीदारांना सहसा रुपेरी. गुडघ्यापर्यंतची विजार इतकी घट्ट असते की ती चढवायला मदतनीस लागतो. पिवळा रंग मात्र अपशकुनी मानतात. हे रूप अनादि काळापासूनचे, असे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्याची आजची घडण बरीचशी 1830 च्या दशकातल्या फ्रान्सिस्को मोंतेस ऊर्फ पाकिरो या मातादोरची आहे.

एवढ्या थाटात बैलाच्या वाट्याला येते ती त्याच्या मालकाच्या रंगांची एक फीत, आणि तीही रिंगणात शिरताना अणकुचीदार आकड्याने त्याच्या मानेमागे टोचलेली. आपल्याकडे पोळ्याला झूल, बाशिंग आणि शिंगांना हिंगूळ बैलाला लाभतो, माणूस साध्या कपड्यांत असतो. हा फरक मला मोलाचा वाटतो, पण त्यावरून आपण अधिक दयाळू ठरतो, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे मळून घेतलेल्या बैलाचीच शेपटी शर्यतीत पिरगाळली जाऊ शकते.

भरतकाम करणाऱ्यांची कला नाटकासाठी, संग्रहालयासाठी जरूर जपावी. ती झुंजीची वकिली करायला पुरेशी नाही. तसेच पोळ्याचे प्रेम शर्यतीच्या बाजूने साक्षीला उभे करू नये. महाराष्ट्राच्या नियमांत चाबूक, काठी आणि विजेचा झटका यांना मनाई आहे. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, ती पाळली जाते का, याची तपासणी आयोजकांच्या भरवशावर न सोडता प्रत्येक शर्यतीला पशुवैद्यकाने समक्ष करावी आणि तिचा अहवाल गावात लावावा.