हीटेड ग्रिप्स थंड का पडतात: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

लडाख-स्पितीची तयारी सुरू झाली की मुंबईतल्या रायडर्सच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. विषय हीटेड ग्रिप्सचा, म्हणजे थंडीत बोटं गरम राहावीत म्हणून हँडलवर बसवलेल्या, बाइकच्या विजेवर तापणाऱ्या मुठींचा. मजकूर साधारण असा: ‘हीटेड ग्रिप गरम होत नसेल तर आतलं एलिमेंट जळालं समजा, नवीन किट घ्या. मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायरिंग ओके. फ्यूज सारखा उडत असेल तर १५ अँपिअरचा टाका. रिलेच्या भानगडीत पडू नका, थेट बॅटरीला जोडा. जोड पिळून टेप मारली की काम झालं. आणि फार वेळ चालू ठेवू नका, स्टेटर जळतो.’ खाली ‘अनुभवी मेकॅनिकचा सल्ला, पुढे पाठवा’.

कृपा करून पुढे पाठवू नका. खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटरवर आहे. तिथून उतरताना बोटं बधिर झाली की ब्रेकचं लिव्हर किती दाबलं जातंय तेच कळत नाही. या मेसेजवर विसंबून निघालेल्या माणसाची ग्रिप नेमकी तिथेच दगा देणार, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देतो.

‘गरम होत नसेल तर एलिमेंट जळालं.’ एलिमेंट म्हणजे ग्रिपच्या आतली तापणारी तार. मुलुंडला आमच्या सोसायटीतल्या एका मित्राने याच समजुतीवर दोन वर्षांत दोन किट बदलली. तिसरं घ्यायला निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, थांब रे, आधी मीटर लावू. पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवलं, ग्रिप्स फुलवर केल्या. बॅटरीच्या टर्मिनल्सवर १३.५ व्होल्ट. ग्रिपच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या-सोडवायच्या प्लॅस्टिकच्या जोडात, मागून मीटरच्या टोकदार प्रोब सरकवून मोजलं तर ११.८. वाटेत १.७ व्होल्ट कुठेतरी गळत होते. मग मीटरची काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल प्रोब ग्रिपच्या अर्थिंगच्या वायरवर ठेवली. तिथे शून्याच्या जवळपास आकडा यायला हवा होता, आला १.६. चोर सापडला. सीट काढली तर अर्थिंगचं थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, फ्रेमच्या रंगावरच बोल्टने आवळलेलं, आणि थिंबलच्या मानेपाशी तांब्यावर हिरवा कीट. बोल्टखालचा रंग खरवडला, नवीन थिंबल दाबून बसवलं, वरून ग्रीस लावलं. कपलरवर १३.३ व्होल्ट आले. खर्च म्हणाल तर एक थिंबल आणि पॉलिश पेपरचा तुकडा.

दीड-पावणेदोन व्होल्टने काय बिघडतं, असं वाटेल. हिशेब करून बघा. त्याच्या दोन्ही ग्रिप्स मिळून साडेतीन ओहम. १३.५ व्होल्टला त्या जवळपास ५२ वॅट देतात. वाटेत फक्त अर्ध्या ओहमचा खराब जोड आला की ग्रिप्सना ४० वॅटच मिळतात, आणि साडेपाच वॅटच्या आसपास उष्णता त्या जोडातच तयार होते. म्हणजे पाव ऊब गेली आणि कपलरचं प्लॅस्टिक मऊ पडायला लागलं.

यात मुंबईची हवा आपल्याला दोनदा फसवते. पहिल्यांदा ती बिघाड घडवते. वर्षातले जेमतेम पंधरा-वीस दिवस वापरायची ही वस्तू उरलेलं सगळं वर्ष पावसात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, सोसायटीच्या ओल्या पार्किंगमध्ये उभी असते. वॉशिंगवाला प्रेशरचा पाइप थेट हेडलाइटमागच्या कपलर्सवर मारतो. पाणी वायरच्या कव्हरच्या आतून केशनळीसारखं सरकत जातं, त्यामुळे वरून नवी दिसणारी वायर सोलली की आत काळी निघते. दुसऱ्यांदा हीच हवा तो बिघाड लपवते. मे महिन्यात पार्किंगमध्ये ४० वॅटची ग्रिपही दोन मिनिटांत चटका देते. हात लावून ‘मस्त तापतंय’ म्हणणारा माणूस प्रामाणिकच असतो. पण त्याच ग्रिपवर शून्य अंशाचा वारा साठच्या वेगाने येतो तेव्हा तो गेलेला पाव भागच निर्णायक ठरतो. म्हणून मुंबईत तळहाताने केलेली तपासणी धरायचीच नाही.

एलिमेंट कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. जातं, आणि तेही मोजता येतं. कपलर सोडवा, मीटर ओहमवर ठेवा, आधी दोन प्रोब एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा बघा आणि तो नंतर वजा करा, कारण इथे एकेक दशांश महत्त्वाचा आहे. ग्रिपच्या दोन वायरींमध्ये काही ओहम दिसले तर एलिमेंट शाबूत. काहीच दाखवलं नाही तर तार तुटली. पण लगेच किट फेकू नका. प्रोब तशाच धरून कुणाला तरी ॲक्सिलरेटर हळूहळू पिळायला सांगा, मग वायर ग्रिपमधून बाहेर येते तिथे हलवा. आकडा येतो-जातो झाला तर तार आत जळालेली नाही, पिळून पिळून तोंडाशी तुटली आहे. उजवी ग्रिप दिवसभर फिरते, डावी जागची हलत नाही. म्हणून तुटण्याचं दुखणं बहुतेक उजवीकडेच निघतं. तसंच हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की बंद आणि सरळ केलं की चालू असं होत असेल, तर स्टेअरिंगच्या मानेपाशी ताणलेली वायर शोधा.

एकच बाजू मेली असेल तर दोन्ही ग्रिप्स पॅरलल जोडलेल्या आहेत. तेव्हा मुख्य फ्यूज, रिले यांच्यावर वेळ घालवू नका, त्याच बाजूला बघा. सिरीजमध्ये असत्या तर एक तुटल्यावर दोन्ही गेल्या असत्या. आणि डावी ग्रिप उजवीपेक्षा जरा कमी तापते ही पुष्कळांची तक्रार बिघाडाची नसतेच. डावी थेट लोखंडी हँडलवर बसते आणि हँडल ऊब ओढून घेतं. उजवीच्या खाली प्लॅस्टिकची नळी असते.

‘मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायरिंग ओके.’ मेसेजमधलं हे सगळ्यांत फसवं वाक्य आहे, कारण ते अर्धं खरं आहे. कपलर सोडवून मोजलंत तर करंट वाहतच नसतो. करंट नाही तर जोडावर व्होल्टेज पडणारही नाही. वीस धाग्यांतला एकच धागा शिल्लक असलेली वायरसुद्धा अशा वेळी खुशाल पूर्ण व्होल्टेज दाखवते. नळ बंद असताना पाइपात प्रेशर भरपूर दिसावं आणि नळ उघडल्यावर धार करंगळीएवढी यावी, तसलं हे. म्हणून मोजायचं ते कपलर जोडलेला, ग्रिप्स चालू आणि ऊब कमी-जास्त करणारा कंट्रोलर फुलवर असताना. कमी सेटिंगवर मोजू नका. बहुतेक कंट्रोलर ऊब कमी करण्यासाठी पुरवठा भराभर चालू-बंद करतात, त्यामुळे साधा मीटर भलतेच आकडे दाखवतो.

‘फ्यूज उडतो तर १५ अँपिअरचा टाका.’ हे सांगणाऱ्याने फ्यूज कोणासाठी असतो याचा विचारच केलेला नाही. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. ५ च्या जागी १५ टाकलात की बिघाडात तिप्पट करंट त्या वायरमधून जाऊ शकतो आणि वायर नऊपट तापते, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते. फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी प्लस बॉडीला टेकतंय. कपलर सोडवून ग्रिपची वायर आणि हँडलचं उघडं लोखंड यांच्यामध्ये ओहम मोजा, काहीही दिसता कामा नये. दिसलं तर ॲक्सिलरेटरच्या हाउसिंगमध्ये चिमटलेली वायर आधी बघा, मग टाकीचे आणि हँडलचे क्लॅम्प. बाईक वांद्रे टर्मिनसवरून पार्सलने पाठवली असेल तर सोडवून घेतल्यावर हे पुन्हा तपासा. गोणपाट गुंडाळून सुतळीने करकचून बांधताना हँडलवरच्या वायरी हमखास दबतात.

‘रिले नको, थेट बॅटरी.’ रिले म्हणजे चावीच्या लहानशा करंटवर चालणारा, मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. काही कंपन्या स्वतःच थेट बॅटरीला जोडायला सांगतात, हे खरं. त्यांच्या कंट्रोलरमध्ये व्होल्टेज खाली आल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते. ज्या साध्या किटमध्ये ती नाही, ते चहाला थांबल्यावर चालू राहिलं तर जवळजवळ ४ अँपिअर खात राहतं. ८-९ अँपिअर-अवरची बॅटरी तासाभरात स्टार्टर फिरवायला नकार देईल, थंडीत त्याही आधी. रिलेत अवघड काही नाही. ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली वायर, ८७ ला ग्रिप्स, ८५-८६ पैकी एकाला अर्थिंग आणि दुसऱ्याला पार्किंग लाइटची वायर. चावी बंद, ग्रिप्स बंद. जोडणी कोणतीही असो, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. कंट्रोलरचा दिवा लुकलुकून ग्रिप्स बंद पडत असतील तर तो बिघडला असं समजण्याआधी बॅटरी मोजा. बऱ्याचदा व्होल्टेज साडेअकराच्या आसपास आलेलं असतं आणि कंट्रोलर आपलं काम चोख करत असतो.

पिळून टेप मारण्याबद्दल एवढंच: काळ्या टेपचा चीक इंजिनाच्या उष्णतेने पाघळतो, टेप सुटते, पाणी आत. लॅमिंग्टन रोडला आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आक्रसणारी श्रिंक स्लीव्ह मिळते, ती चढवा. नुसता सोल्डरिंगचा डाग देऊनही भागत नाही, कारण डागाच्या कडेला वायर ताठ होते आणि व्हायब्रेशनने तिथेच मोडते. थिंबल किंवा जोडनळी दाबून बसवावी, वरून स्लीव्ह, आणि कपलरचं तोंड खाली ठेवावं.

राहिला स्टेटर, म्हणजे इंजिनाबरोबर वीज तयार करणारं वेटोळं. आपल्याकडच्या बऱ्याच बाइक्समध्ये स्टेटर नेहमीच जवळपास पूर्ण क्षमतेने वीज तयार करतो आणि जास्तीची वीज रेग्युलेटर, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग, वळवून उष्णतेत घालवतो. तिथे ग्रिप्स लावल्याने स्टेटरवर वेगळा भार येत नाही, वाया जाणारी वीज हाताला मिळते. बेरीज मात्र जरूर करा. एप्रिल २०१७ पासून नव्या बाइक्सचा हेडलाइट इंजिनासोबत चालूच राहतो, H4 बल्ब असेल तर ५५-६० वॅट तिथेच गेले. त्यावर ग्रिप्स, दोन फॉग लाइट, मोबाइलचा चार्जर. सगळं चालू ठेवून, गाडी न्यूट्रलला ठेवून बॅटरी मोजा. १३ च्या खाली उतरत असेल तर घाटातल्या ट्रॅफिकमध्ये ग्रिप्स किंवा फॉग लाइट यांतलं एक बंद ठेवावं लागेल. त्यात बॅटरी हळूहळू रिकामी होते, स्टेटर जळत नाही.

हे सगळं करताना उजव्या ग्रिपची वायर बसवून झाली की इंजिन बंद ठेवून हँडल दोन्ही टोकांना न्या आणि दोन्हीकडे ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडा. तो खट्कन आपोआप परत आला पाहिजे. वायर अडकून अर्धवट राहिला तर ऊब बाजूला राहू द्या, वायर सोडवा आणि मोकळा वळसा देऊन पुन्हा बांधा.

मित्राने काढून टाकलेली दोन्ही जुनी किट मी मागून घेतली आणि मोजली. एकाची जोडी ३.४ ओहम, दुसरीची ३.५. दोन्ही धडधाकट. त्यातलं एक या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाच्या बाईकवर चढलं आहे.